मला कासव म्हणत होतात ते

आबा, तुमच्या त्या एका शब्दापायी माझी पोटची पोरगी अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तुम्ही मात्र भिंतीवर हार घालून मजेत बसलाय. हार पण मीच घातलाय. दर अमावास्येला मीच काढून धुते, प्लास्टिकचा आहे म्हणून. या अमावास्येला धुतला नाही. मला तुमच्याशी भांडायचंय, आणि मेलेल्या माणसाशी तोंडाने भांडलं तर शेजारपाजारचे म्हणतात बाई फिरली, म्हणून लिहितेय. शाळा माझी चौथीपर्यंतची, ती पण तुमच्यामुळेच चौथीपर्यंत. तेव्हा अक्षर वाकडं आलं तर मला बोलायचं नाही.

काय झालं ते पहिल्यापासून सांगते. माझी लेक कोसाडला राहते, सरकारी घरांच्या आवासात, तिसऱ्या माळ्यावर. तिची मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तुम्ही पाहिली नाही तिला. केस कुरळे, हट्टी, चपला उलट्या घालते आणि सुलट्या करू देत नाही. आणि बोलत नाही. 'मम' म्हणते, 'आ' म्हणते, बाकी सगळं बोट दाखवून. दोन वर्षांची झाली तेव्हा लेक मला म्हणाली, "मम्मी, डॉक्टरला दाखवू का?" मी म्हटलं काही नको. अडीचची झाली तेव्हा परत म्हणाली. मी म्हटलं, "अगं, कासव आहे ती. माझ्यावर गेली. मी पण उशिराच बोलले, आता थांबते का बघ." सगळे हसले. लेक पण हसली. जावई हसला, गुजरातीत "काचबो, काचबो" करून त्याने पोरीला उचलून फिरवली. झालं. तुमचा शब्द तुमच्या पणतीला असा फुकटात मिळाला. आणि एक वर्ष गेलं.

आणि मला खोटं तरी का वाटावं? मी हाक मारली की ती वळायची. आईने मारली की नाही वळायची, आजीने मारली की वळायची. मी लेकीला म्हणायचे, "तुझं ऐकत नाही ती, लाडावून ठेवलीस. माझं कसं ऐकते?" आता त्यातली गंमत बघा. माझं ऐकायची कारण मी ओरडते. मी साधं 'मीठ दे' म्हटलं तरी खालच्या माळ्यावरून मीठ येईल, असं तुमचा जावई म्हणतो. मला हळू बोलता येतच नाही, आबा. शिकले कुठे? आपल्या घरात कोण हळू बोलायचं? तुमचे कान लूमने खाल्ले, तुम्ही खात्यातून आल्यावर पण खात्यात असल्यासारखेच बोलायचात. लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात हे मला फार मोठी होईपर्यंत कळलं नव्हतं, मला वाटायचं खातं म्हणजे माणसाला खातं ते. तुम्हाला ऐकू जावं म्हणून माय ओरडायची. मायचं ऐकू यावं म्हणून आम्ही ओरडायचो. चाळीतले सगळेच खान्देशी, सगळेच लूमवर, सगळ्या खोल्यांतून ओरडणंच. गावाकडून कोणी आलं की विचारायचं, "काय व्हयनं? भांडण चालू शे का?" भांडण नव्हतं. आम्ही जेवत होतो.

तर मागच्या महिन्यात अंगणवाडीच्या बाईने लेकीला सांगितलं, कान तपासून घ्या. लेकीने मला विचारलं नाही, नंबर लावून आली, आणि त्या दिवशी फक्त म्हणाली, "सोबत चल." गेले. मोठा दवाखाना, काचेची खोली. आत पोरीला आईच्या मांडीवर बसवलं, कानाला हेडफोन, पुढ्यात खेळण्याचे ठोकळे. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा, असं चार वेळा करून दाखवलं. मी काचेतून बघतेय. बाहेर डॉक्टरबाई बटण दाबतेय. पोरगी ठोकळा धरून बसलीय. बाई बटण दाबतेय. पोरगी ठोकळा धरून बसलीय. किती वेळ. शेवटी बाईने खूप मोठा आवाज दिला असेल, तेव्हा पोरीने दचकून ठोकळा टाकला आणि आईकडे बघून हसली. बरोबर आलं म्हणून. 

दोन्ही कान कमी आहेत तिचे. मशीन लागेल, आणि बोलायला शिकवावं लागेल, डॉक्टरबाई म्हणाली. जेवढं लवकर आणलं असतं तेवढं बरं होतं. मग विचारलं, "घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?"  लेकीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. आबा, मी लहानपणापासून माणसांची तोंडं बघत आलेय, मला तोंड वाचता येतं. तिच्या तोंडावर जे होतं ते मी इथे लिहीत नाही.

बाहेर आलो. मी रिक्षा बघायला रस्त्यावर गेले, या दोघी दवाखान्याच्या पायरीवर. मधे गाड्यांचा हा गोंधळ. मी सहज मागे बघते तर पोरगी पायरीवर उभी राहून मला हाताने खूण करतेय. तुमची खूण. मीच शिकवलेली. डाव्या हाताची मूठ, तिच्यावर उजवा पंजा पालथा, आणि मुठीतून अंगठ्याचं टोक बाहेर काढून हलवायचं. कासव. आमच्या दोघींचा खेळ होता तो, ती मला पण कासव म्हणायची आणि स्वतःला पण. मी हसून हात वर करणार तेवढ्यात लेकीने खाडकन तिचा हात खाली ओढला. पोरगी रडायला लागली. मी धावत आले तर लेक म्हणते, "हेच शिकवलंस तिला? तिला बोलता येत नाही, आणि तू तिला काचबो शिकवलास? स्वतःला शिवी द्यायला?"

"शिवी नाही ती," मी म्हटलं.

"मग काय आहे?"

मी पोरीचे डोळे पुसायला वाकले. ती म्हणाली, "एक वर्ष खाल्लंस तू तिचं, मम्मी. हसत हसत खाल्लंस." आणि रिक्षात बसून निघून गेली. मी सिटी बसने भेस्तानला घरी आले. त्यानंतर अकरा दिवस फोन नाही.

आता तुम्ही सांगा, शिवी होती का ती? मला पण कळायला नको? जन्मभर ते नाव घेऊन फिरले मी. चाळीत माझं खरं नाव कोणाला माहीत नव्हतं. रेशनच्या दुकानात पण "ओ कासव, पिशवी धर" असंच. त्याची सुरुवात मला माय सांगायची. मी तीन-चार वर्षांची असताना आपण गावी गेलो होतो, तापीकाठच्या महादेवाला. देवळात शिरताना आधी जमिनीतल्या दगडी कासवाला हात लावायचा, मग देवाला. सगळ्यांनी हात लावला आणि आत गेले, मी तिथेच त्या कासवाच्या पाठीवर बसून राहिले. दर्शन झालं, नारळ फोडला, सगळे मागच्या दाराने उतरून बैलगाडीपाशी गेले, आणि बघतात तर पोरगी नाही. पायऱ्यांवरून सगळ्यांनी हाका मारल्या. काकांनी मारल्या, आत्याने मारल्या. मी पाठ करून बसलेली, बोटाने दगडावरची खवलं मोजतेय. हलेचना. शेवटी तुम्ही येऊन उचललंत आणि सगळ्यांना म्हणालात, "हे बघा, आपलं पण एक कासव झालं. लोकं देवाकडे गेले, ही इथेच." सगळे हसले. माय ही गोष्ट सांगताना दरवेळी हसायची. मी पण हसायचे. पन्नाशी उलटली तरी हसत होते. आणि त्या काचेच्या खोलीबाहेर उभी असताना एकदम माझ्या डोक्यात आलं, की अहो, इतक्या लोकांनी मागून हाका मारल्या आणि पोरगी वळली नाही, तर एकाला तरी वाटायला नको होतं का?

मग मी एक काम केलं ते कोणाला सांगितलेलं नाही. दोन दिवसांनी मी एकटीच त्या दवाखान्यात गेले. धागे कापायला जाते त्या साडीच्या युनिटमधून अर्धी सुट्टी काढली, दात दुखतो म्हणून सांगितलं. डॉक्टरबाईने ओळखलं. म्हणाली, "काय मावशी, काही विसरलं का?" मी म्हटलं, "माझे पण बघा." तिने मला त्या खोलीत बसवलं. ठोकळे नाही दिले, नुसता हात वर करायचा. मी तुम्हाला खरं सांगते, मी दोन-तीन वेळा उगाच वर केला. नापास व्हायची भीती वाटली, या वयात. बाईने ते पण पकडलं. मग कागद दाखवला. डावा कान जवळजवळ नाहीच. उजवा अर्धा. म्हणाली, "हे आजचं नाही वाटत, मावशी. फार जुनं दिसतंय, लहानपणापासूनचं असेल." मग विचारलं, "शाळेत तुम्हाला कुठे बसवायचे?"

आबा, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मागे बसवायचे. मागे, खिडकीकडून पहिली, म्हणजे भिंत माझ्या उजव्या हाताला आणि अख्खा वर्ग डाव्या हाताला. पालिकेची मराठी शाळा, एका वर्गात दोन इयत्ता. गुरुजी चांगला माणूस होता, पण आवाज हळू, आणि बोलता बोलता फळ्याकडे तोंड करायची सवय. तोंड आमच्याकडे असलं की मला सगळं यायचं. फळ्याकडे वळला की संपलं, मग मी शेजारणीच्या पाटीत बघणार आणि ती लिहील ते लिहिणार, म्हणजे सगळ्यांच्या नंतर. गणितं माझी बरोबर असायची, फक्त सगळ्यात शेवटी. एक दिवस तुम्हाला बोलावलं. तुम्ही खात्यातून तसेच आलात, केसांत कापसासारखा तो लूमचा भुसा. गुरुजी म्हणाले, पोरगी मंद आहे, पुढच्या इयत्तेत झेपायचं नाही. मी दारात उभी, दोघांची तोंडं बघतेय. आणि तुम्ही काय केलंत? तुम्ही हसलात. म्हणालात, "कासव आहे हो ते, गुरुजी. कासवाला कशाला पळवायचं?" आणि माझं दप्तर घेऊन चालायला लागलात. झाली शाळा. रस्त्यात मला ऊसाचा रस पाजलात. मी खूश होऊन प्यायले, हे मी स्वतःला कधी माफ करत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी टिफिन घेऊन खात्यात. मग तिथेच बॉबिन भरायला. आणि आता सांगते, हे मला कोणी खरं मानणार नाही, त्या खात्यात मी कधी उशिरा नव्हते. सगळे लूम एकदम चालू, खाली जमीन हलतेय, पोटात हलतेय, माणसाच्या तोंडाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथे कोणालाच ऐकू येत नव्हतं! सगळे माझ्यासारखे. सगळा कारभार हातांचा. दोन बोटं ओठाला लावली की बिडी. मनगटावर टिचकी मारली की किती वाजले. कपाळावर आडवा हात म्हणजे शेठ आला. आणि लांब त्या टोकाला, चार लूमांच्या पलीकडून, तुम्ही मूठ धरून तिच्यावर पंजा पालथा घालायचात आणि अंगठा हलवायचात. म्हणजे मी. म्हणजे इकडे ये. मी बॉबिन टाकून पळत यायचे. तुम्ही डब्यातली अर्धी भाकर मोडून मला द्यायचात, उभ्याउभ्या, एक डोळा धाग्यावर ठेवून. तिथे त्याला कोणी हसायचं नाही. ते माझं नाव होतं फक्त, जसं कोणाला टकल्या, कोणाला मिशी. घरी तोंडाने "काय करी राह्यनी व, कासव?" म्हणालात की मला तुमचा डबा भिरकावून द्यावासा वाटायचा, आणि तेच खात्यात हाताने म्हणालात की मी पळत यायचे. हे लेकीला कसं सांगणार होते मी, त्या पायरीवर, पोरगी रडत असताना?

माझ्या विहीणबाईंची एक गंमत. त्यांच्या घरात पितळेचं कासव आहे, पाण्याच्या ताटलीत, तोंड उत्तरेकडे. रोज पाणी बदलतात, फूल वाहतात. जावयाच्या बोटात चांदीच्या कासवाची अंगठी, धंद्याला चांगली म्हणून. म्हणजे कासवाची पूजा करायची, बोटात घालायचं, आणि माझ्या तोंडून निघालं तर पाप. मी त्यांना फोन करून हे बोलले पण, लेक बोलत नाही म्हटल्यावर तोंड कुठेतरी मोकळं करायला नको? त्या भजनाला जातात, शांत बाई आहेत. म्हणाल्या, "ताई, कासव वाईट नसतं हो. कासवी पिलांना दूध पाजत नाही, जवळ घेत नाही. नुसती लांबून त्यांच्याकडे बघत राहते, त्या नजरेवर पिलं वाढतात. तुमच्या वडिलांनी त्या मायेने म्हटलं असेल."

मी म्हटलं, "एवढं बघत होता माझा बाप, तर त्याला माझा कान कसा नाही दिसला?"

त्यांनी भजनाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.  तेच तर मला तुम्हाला विचारायचंय. खरंच नाही दिसला?

मला पाहायला आले होते तो दिवस आठवा. कांदेपोहे झाले, मी खाली मान घालून बसले. मुलाचा मामा माझ्या डाव्या अंगाला. त्याने काहीतरी विचारलं, स्वयंपाकात काय काय येतं वगैरे. मला कळलंच नाही कोणी विचारलंय. खोलीत सगळे थांबले. मी वर बघितलं तर सगळ्यांची तोंडं बंद आणि माझ्याकडे बघताहेत.  आणि तुम्ही एका क्षणात मांडीवर थाप मारली आणि मोठ्याने म्हणालात, "कासव आहे आमचं, पाहुणे! आज विचारा, उद्या उत्तर घ्या. पण उत्तर बरोबर देणार." सगळी खोली हसली. मामा हसला, मुलगा हसला. लग्न जमलं. त्या रात्री मी उशीत तोंड घालून रडले की बापाने परक्यांसमोर लाज काढली. पण त्या हसण्यानंतर लगेच तुम्ही उठून मामाला म्हणालात, इकडे पंख्याखाली या, आणि त्याला माझ्या उजव्या अंगाला आणून बसवलंत. हे मला तेव्हा दिसलं नाही. आत्ता दिसतंय, या अकरा दिवसांत. पंखा तर मधोमध होता, आबा.

तुमचा जावई, तोच मुलगा, हजीऱ्याला ठेकेदाराकडे आहे. त्याला सहा महिन्यांत कळलं होतं. त्याला माझ्याबद्दल काही कुरकुर करायची असली की माझ्या डाव्या बाजूला येऊन करतो, मन मोकळं होतं आणि भांडण होत नाही. वर मलाच सांगतो. म्हणजे त्याला माहीत. आणि मलाही माहीत होतं. काय खोटं बोलू तुमच्याशी? फोन मी कधी डाव्या कानाला लावला नाही. बसमध्ये डावीकडची खिडकी पकडते, म्हणजे माणसं उजवीकडे राहतात. फक्त याला काही म्हणतात हे मी मनात येऊ दिलं नाही. माझ्याजवळ त्याच्यासाठी एक शब्द होताच, तुम्ही दिलेला. कोणी विचारलं का गं उत्तर देत नाहीस, की कासव आहे मी. हसले, सुटले.

आणि पोरीचं. हे लिहायला मी मगापासून चार वेळा चहा ठेवायला उठले. मागच्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे होती. ओट्याला पाठ लावून खाली बसली होती, भांडी घेऊन खेळत. कुकरची शिट्टी झाली. तिच्या डोक्यावर, इथे. ती हलली नाही. मी बघितलं. दुसरी शिट्टी झाली, मी तिच्याकडेच बघत होते. हलली नाही. मी गॅस बंद केला आणि कोणाला काही बोलले नाही. कारण मला पुढचं सगळं दिसलं. हिच्यात कुठून आलं? आईकडून. आईच्या कोणाकडून? तिच्या आईकडून. विहीणबाई शांत आहेत पण त्यांच्या घरात अजून चार तोंडं आहेत, आणि माझी लेक त्या घरात नांदतेय. म्हणून मी संध्याकाळी लेकीला म्हटलं, "कासव आहे ती. बोलेल." तुमच्याच सुरात म्हटलं. मांडीवर थाप पण मारली असेल.

तर आज सकाळी लेकीचा फोनमध्ये आवाज आला, त्या व्हॉट्सॲपवर पाठवतात तो. उजव्या कानाला लावून तीन वेळा ऐकला. "मम्मी, गुरुवारी दहा वाजता मशीन बसवणार आहेत. तुला यायचं तर ये. ती तुझी खूण करत असते सारखी, दाराकडे बघून. पण येण्याआधी मला एक सांग. तुला खरंच माहीत नव्हतं? जे असेल ते सांग. मी भांडणार नाही." आवाज थकलेला होता. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण मला येतं.

आज सोमवार. मला तिला उत्तर द्यायचंय आणि मला ते एकटीने देववत नाहीये. माहीत होतं म्हटलं तर ती विचारणार, मग का लपवलंस? आणि तिथे मला तुमचं कळायला पाहिजे. तुम्ही पण तेच केलंत का? गुरुजींसमोर हसलात ते, पाहुण्यांसमोर थाप मारलीत ते, बहिरी म्हणण्यापेक्षा कासव बरं, पोर उजवेल तरी, असं होतं का? का तुम्हाला काहीच कळलं नव्हतं आणि तुम्ही नुसतेच हसत होतात? दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट तेही मला कळत नाही. शाळा घालवलीत. ते लपवायला घालवली असेल तर मी तुमच्यावर रागावणार, आणि मग मला पोरीच्या एका वर्षासाठी स्वतःवर तेवढंच रागवावं लागणार. बरोबर ना?

आणि हे शेवटचं. तुम्ही गेलात त्या दुपारी सरकारी दवाखान्यात मीच होते जवळ. माय खाली चहा आणायला गेली होती. तुमच्या एका हाताला सलाईन, पट्टीने बांधलेला, दुसरा तर अंगावरून वारं गेल्यापासून लुळाच. मी पलंगाच्या ज्या बाजूला स्टूल होतं तिथे बसले. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे नाही, वर पंख्याकडे बघत होतात, आणि बोललात. बरंच बोललात. ओठ मला नीट दिसत नव्हते, दाढी वाढलेली, वर नळी, आणि आवाज माझ्या डावीकडून. मग मान वळवून माझ्याकडे बघितलंत, उत्तर पाहिजे असल्यासारखं. मी म्हटलं, "हो आबा." तुम्हाला बरं वाटलं. डोळे मिटलेत. नंतर माय, भाऊ, सगळे विचारत होते, काय म्हणाले गं शेवटी? मी सांगितलं, सगळ्यांना सांभाळ म्हणाले. सगळे रडले. बावीस वर्षं झाली, अजून सांगतात लोक, आबा जाताना सांभाळ म्हणाले.

मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, आबा. कशाला हो म्हटलं ते मला माहीत नाही. उठून पलीकडच्या बाजूला जाता आलं असतं, दोन पावलं होती. लाज वाटली. शेवटच्या वेळी तरी तुम्ही मला कासव म्हणू नये असं वाटलं.

हे कुठे पोस्टात टाकायचं नाहीये ते मला कळतं. तुमच्या फोटोमागे पण ठेवणार नाही, तिथे पाल आहे. पण आता तुमचे हात मोकळे असतील, सलाईन नसेल, आणि इथे खात्यासारखा आवाज पण नाही. तोंडाने जमत नसेल तर हाताने सांगा, मला हाताचं पहिल्यापासून लगेच कळतं. तोंडाने सांगणार असाल तर उजव्या बाजूने या. काय बोललात ते परत बोला, आणि माहीत होतं का तेवढं सांगा. बुधवारी संध्याकाळपर्यंत. गुरुवारी सकाळी आठच्या बसने मला कोसाडला निघायचंय.